सरोजचं वजन

"एकाहत्तर!"

"चौसष्ट!"

कोलशेतच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये चाळीस शिकलेली माणसं, मास्क हनुवटीवर ओढून, एका बाईच्या वजनावरून भांडत होती. दोन हजार एकवीसचा एप्रिल होता. शहरात बेड मिळत नव्हते आणि आमच्याकडे चमत्कार आला होता.

चमत्काराचं नाव सहदेव. कल्याणहून यायचा. पूर्वी कुठे औषधं विकायचा, आता 'डोस गुरुजी' झाला होता. त्याच्या पुढ्यात काचेची बरणी असायची आणि तिच्यात वळवळणारे तांबूस किडे.

"हा बघा कोरोना!" बरणी उंच धरून तो म्हणाला. "काल एका पेशंटच्या पोटातून पडलाय, जिवंत! आयव्हरमेक्टिन गेलं की विषाणू गोठतो, जाड होतो आणि सकाळी बाहेर. फक्त डोस वजनाच्या हिशेबात पाहिजे, सत्तर किलोच्या वर दुप्पट. कमी पडला तर विषाणू चिडतो!"

विषाणू चिडतो म्हणे! पस्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, माझं डोकं तडकलं. "अहो, विषाणू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आणि ते जंतांचं औषध आहे!"

"नीरजाताई, तुम्ही जरा बसा," आमच्या सेक्रेटरी चित्रा म्हणाल्या.

बसले. बारा मिलिग्रॅम की चोवीस? उपाशीपोटी की जेवून? इंजिनियर मंडळींनी रंगीत तक्ते करून आणले होते. औषध या आजारावर चालतं का, एवढंच विचारायला कुणाला सवड नव्हती.

भांडण श्रीपाद आणि मुकुलचं होतं. श्रीपाद सरोजचा नवरा, मुकुल तिचा भाऊ. सरोज सहा दिवस तापाने पडली होती आणि सकाळी तिचा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी आला होता. हॉस्पिटलात हलवा, असं मी दोनदा सांगून आले होते. श्रीपादचं एकच, "डोस बसला की चढेल."

"अर्धाच डोस देताय भाऊजी! मरेल ती!" मुकुल ओरडला.

"आणि तू दुप्पट देऊन मारशील!"

"वाद कशाला?" सहदेव गोड हसला. "ताईंना खाली आणा. काट्यावर उभं करा."

आणि आणलं हो त्यांनी! काखेत धरून, पायरी पायरी उतरवून. सरोजचे ओठ निळसर पडले होते. ती काट्यावर डुलत होती, त्यामुळे आकडा थांबेना.

"हलू नकोस गं!" श्रीपाद खेकसला.

ती काट्यावरच कोसळली.

"तू मारलंस तिला!" म्हणत मुकुलने तोच काटा उचलला आणि श्रीपादच्या डोक्यात घातला. रक्ताची धार लागली. श्रीपादने त्याचा गळा धरला. मग बारावाले आणि चोवीसवाले एकमेकांवर तुटून पडले. खुर्च्या उडाल्या, कुणाचा चष्मा फुटला. मी मध्ये पडले तर कुणाचं तरी कोपर तोंडावर बसलं आणि माझा पुढचा दात फरशीवर. टेबल उलटलं, बरणी दारापाशी जाऊन फुटली.

दारात जनाबाई उभी होती. ती आमच्या गेटवर मासे विकते. आरडाओरडा ऐकून आत आली होती. तिने पायाशी आलेला किडा चिमटीत उचलला.

"अगो बाय! यो त आमचे खारीचा किरा! चिखलान मिलतं. मासे पकराचे गलाला लावतांव आमी." मग तिने सहदेवकडे बोट केलं. "या मानसान परवा माझे पोराकरून, मोरूकरून, डबाभर नेला. मासे पकराला जातंय बोलला!"

हाणामारी जागच्या जागी थांबली. मी तो खाडीच्या चिखलातला किडा तळहातावर घेतला. दोन्ही अंगांना बारीक पायांची रांग.

"पोटातल्या जंताला पाय नसतात," रक्त थुंकत मी म्हणाले. "पाचवीतलं पोरसुद्धा सांगेल."

"पण याच्या औषधाने बरे झाले त्यांचं काय?" सलिलने विचारलं. सलिल आमच्याकडचा सगळ्यात शांत माणूस.

"बहुतेक लोक औषधाशिवायही बरे होतात. हा त्यांचेच फोटो दाखवतो. जे गेले त्यांचे फोटो याच्या मोबाइलमध्ये नाहीत."

सहदेव दाराकडे सरकला, पण पोचला नाही. सकाळी जे त्याच्या पाया पडले होते त्यांनीच त्याला लाथांनी तुडवलं. शांत सलिलने खुर्चीचा तुटका पाय घेतला होता. मी आडवी आले नसते तर त्या दिवशी खून झाला असता.

"याला पोलीस नेतील!" मी किंचाळले. "सरोजला कोण नेणार?"

सगळ्यांच्या माना तेव्हा कुठे वळल्या. ती फरशीवर एकटी पडली होती, तोंड उघडं टाकून हवा ओढत.

जनाबाईच्या मोरूने गेटवरच्या आपल्या टेम्पोतली बर्फाची खोकी रस्त्यावर लोटली. मुकुलने बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं. श्रीपाद रक्ताळलेला पंचा डोक्याला बांधून तिचा हात धरून बसला. माजिवड्याच्या पुढे तिसऱ्या हॉस्पिटलात बेड मिळाला.

एकोणीस दिवसांनी ती घरी आली. भेटायला गेले तेव्हा श्रीपाद टाक्यांवरून हात फिरवत हळूच म्हणाला, "ताई, पण तेव्हा नक्की किती द्यायला हवं होतं हो?"

मला त्याला दुसऱ्यांदा काटा मारावासा वाटला. पण त्याआधी सरोज बोलली, एकेका शब्दाला थांबत.

"सगळे माझं वजन विचारत होते. श्वास घेता येतोय का, हे कुणीच विचारलं नाही."

श्रीपाद रडायला लागला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

म्हणून हात जोडून सांगते. औषध किती घ्यायचं हे विचारण्याआधी, त्याने हा आजार बरा होतो का, हे विचारा, आणि ते डॉक्टरला विचारा. कुणी बरणी नाचवली तर झाकण उघडून आत काय आहे ते बघा. आणि घरातलं माणूस धापा टाकत असेल तर काटा राहू द्या, गाडी काढा.