सासऱ्यांच्या मडक्यातल्या अळ्या

वार्सिनीने हौदात बॅटरी मारली, तळ न्याहाळला आणि कागदावर शून्य लिहिलं. चाळिसावं घर, चाळिसावं शून्य. आता काय म्हणावं याला! गल्लीतली दोन पोरं डेंग्यूने दवाखान्यात, तिसऱ्याला कालपासून ताप, आणि डासाची अळी म्हणून कुठे सापडेना. ती दर शुक्रवारी तपासायला येते हे ठाऊक असल्याने बायका पहाटेच हौद घासून ठेवायच्या. वर तळलेली केळी हातावर ठेवून विचारायच्या, "झालं का समाधान, साहेबीणबाई?"

तिन्ही पोरांची घरं मात्र एकाच अंगाला, कबरस्तानाच्या भिंतीला लागून होती. तिथे येताच वार्सिनी थबकली. मग फाटक ढकलून आत शिरली.

सासऱ्यांच्या कबरीच्या उशाशी मातीचं मडकं होतं. तिची सासू सारिनेम दर गुरुवारी कबरीवर फुलं वाहायची, मडक्यात कमी झालेलं पाणी वरून भरायची. उपसायची मात्र कधीच नाही. वार्सिनीने आत डोकावून पाहिलं, तर अळ्यांचा नुसता बुजबुजाट.

ती तशीच घरी गेली आणि सासूला घेऊन आली.

"आई, हे ओतून उपडं ठेवायला हवं."

"काहीतरीच काय बोलतेस! ह्यांना तहान लागली तर?"

"तीन पोरं आजारी आहेत, आई."

वार्सिनीला फार वाईट वाटलं. सासरे गेल्यापासून सतरा वर्षं म्हातारीने एक गुरुवार चुकवला नव्हता.

सासू गुडघा धरून खाली बसली आणि मडक्यात बराच वेळ बघत राहिली.

"जन्मभर ह्यांच्या कानीकपाळी ओरडले मी, पाणी झाकून ठेवा म्हणून. ऐकतील तर शपथ!"

तिने स्वतःच मडकं उचललं, उन्हाने तापलेल्या मातीवर रिकामं केलं आणि पालथं घातलं.

"आता रोज सकाळी येईन. पेलाभर ताजं पाणी कबरीवर घालीन नि जाईन. शिळं कशाला प्यायचं माणसाने?"

वार्सिनीचा जीव भांड्यात पडला. ती कागदाची घडी घालू लागली, तशी सासूने तिचं मनगट धरलं.

"ह्यांचं नाव कुठंय? साऱ्या गल्लीत ह्यांच्या एकट्यांच्याच घरी अळ्या निघाल्या. सासरे म्हणून सोडतेस होय?"

"आई, हा घरांचा कागद आहे."

"मग हे काय आहे?" सासूने कबरीकडे बोट दाखवलं.

वार्सिनीने चाळीस नावांखाली सासऱ्यांचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, 'सापडल्या'.

"अळ्या निघालेलं घर पुढच्या शुक्रवारी पुन्हा तपासावं लागतं हं," ती म्हणाली.

"ये की," सासू म्हणाली. "घरीच असतात ते."