एका खोलीतले

"वहिनी, तेवढी किल्ली द्या ना. भाषण संपलं की अध्यक्षांकडे द्यायचीय," शोकसभेत युनियनचा सेक्रेटरी वहिनींच्या कानाशी कुजबुजला.

वहिनींनी मूठ आणखी आवळली. नवऱ्याला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता आणि युनियनला आपली खोली परत हवी होती. म्हणे स्मारक करणार! त्याचा चष्मा, त्याची सायकल, भिंतीवर मोठा फोटो. वहिनींनी लेकीकडे जावं. लेकीच्या घरात आधीच पाऊल ठेवायला जागा नाही, पण विचारतो कोण!

व्यासपीठावर प्रोफेसर अगदी रंगात आले होते. "कॉम्रेड हा शब्द मूळचा कुठला? लॅटिनमध्ये कामेरा म्हणजे खोली. त्यावरून स्पॅनिशमध्ये कामारादा, म्हणजे एका खोलीत राहणारे शिपाई. तिथून तो फ्रेंचमध्ये गेला, जर्मनमध्ये गेला, इंग्रजीतून आपल्याकडे आला. एका खोलीत झोपतो तो कॉम्रेड! आणि आपल्या कॉम्रेडची खोली तर सगळ्यांना उघडी होती!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उघडी होती? कोणी ठेवली उघडी? संपात ही सगळी मंडळी आत घोरत पडायची. या सेक्रेटरीला तर भिंतीकडचीच जागा लागायची. आणि ओली बाळंतीण वहिनी लेकीला पोटाशी घेऊन जिन्यात, ऐन थंडीत. "चार दिवस काढ गं," नवरा म्हणाला होता. संप मिटेपर्यंत ते चार दिवस काही संपले नाहीत.

त्या ताडकन उठल्या.

"वहिनी, तुमचं भाषण नाहीये," सेक्रेटरी गडबडला.

"नसू दे. प्रोफेसरसाहेब, एका खोलीत झोपतो तो कॉम्रेड ना? मग मी कोण? खोलीत झोपलात तुम्ही, मी झोपले जिन्यात. आता कुठे मला पाय पसरायला मिळाले, तर तिथे चष्मा ठेवणार?"

"वहिनी, तुमच्या भावना आम्ही समजतो..." सेक्रेटरी मध्ये पडला.

"डोंबल समजतोस! माझ्या हातचं जेवून वर मीठ कमी म्हणून कुरकुरायचास तू."

कोणीतरी फिसकन हसलं. वहिनी किल्ली घेऊन सरळ घरी आल्या. सायकल ओढत त्यांनी जिन्यात नेऊन ठेवली. मग भरदुपारी खोलीच्या मधोमध गादी घातली, दार सताड उघडं ठेवलं आणि हातपाय ताणून आडव्या झाल्या.

जरा वेळाने जिन्यात चपला वाजल्या. दाराशी येऊन थांबल्या.

"वहिनी, आत येऊ का?" सेक्रेटरीने विचारलं.

"बाहेर थांबा," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "मी झोपलेय."