कड्यातलं पोळं

माझी भाची लहानपणी दिवसभर जमिनीवर पालथी पडून किडे बघायची, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. आता चाळिशी आली तरी तेच करते, फक्त त्याचा पगार घेते. पाच वर्षं ती या बेटावर येतेय. इथल्या एकांड्या माशा वाचवायच्या म्हणे. तांदळाच्या दाण्याएवढ्या, काळ्या, प्रत्येकीचं मातीत आपापलं भोक. ना राणी, ना पोळं, ना मध. जगात दुसरीकडे कुठेच नाहीत आणि इथेही शेवटच्या घटका मोजतायत.

आणि याला कारण कोण? तर मी. म्हणजे माझ्या बावीस मधपेट्या. तिचं म्हणणं, माझ्या माशा उजाडल्यापासून सगळी फुलं ओरबाडतात, त्या एकांड्यांना उरतं काय? मी म्हटलं, वा गं वा, पेटी उघडायला तुला मीच शिकवलं, आता तूच मला शिकव. तिनं वाद घातला नाही. दमली होती बिचारी. एवढंच मागितलं की दहा दिवस सकाळी पेट्यांची दारं बंद ठेवायची, दुपारी एकला उघडायची, आणि तेवढ्या वेळात फुलांवर कोण येतं ते ती मोजणार. फरक पडला तर पेट्या बोटीनं पलीकडे न्यायच्या. नाही पडला तर ती तसं लिहून देणार आणि पेट्या राहणार.

पलीकडे त्या सांभाळायला माझं कोण आहे? गुडघे गेलेत, बायको दिवसभर लेकीशी फोनवर. पेट्या गेल्या तर सकाळी उठायचं तरी कशासाठी? तरी मी हो म्हटलं. रोज उजाडायच्या आत एकवीस दारांवर जाळीची पट्टी बसवायचो. बाविसावी पेटी शेडच्या मागे, तिकडे कुणी फिरकत नाही. तिचं दार उघडंच ठेवलं. आयुष्यात कधी कुणाला फसवलं नव्हतं, पण जमलं की पहिल्याच दिवशी.

मुंगी फुलांपाशी स्टुलावर बसायची. मधमाशा यायच्याच. कमी, पण यायच्या. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, तुझ्या पेट्या तर बंद आहेत, म्हणजे कड्यात कुठेतरी रानपोळं असणार. मी म्हटलं, असेल बाई. झालं. रोज मोजणी संपली की ती दोर घेऊन कडे चढायला लागली. संध्याकाळी माझी बायको तिच्या सोललेल्या तळहातांना मलम लावायची आणि मी खाली मान घालून जेवायचो. तिला माझा संशय आला असता तर बरं झालं असतं. पोरीच्या मनाला ते शिवलंसुद्धा नाही.

नवव्या दिवशी ती कड्यावरून घसरली. घोटा टम्म सुजला. पायरीवर बसून बूट काढताना म्हणाली, "मामा, माझंच चुकलं असेल. फरक काही पडत नाहीये. कंटाळले रे मी. तसंच लिहून टाकते."

जिंकलो होतो मी.

दहाव्या दिवशी तिच्या जागी मी बसायचं ठरलं. निघताना बाविसावी पेटीही बंद केली. का, ते मला विचारू नका. स्टुलावर बसलो. नऊ वाजले, काही नाही. दहा वाजले, काही नाही. मला तर हायसं वाटायला लागलं होतं. मग एक काळी आली, तिच्यामागून दुसरी. पोटाला पिवळी धूळ लागलेली, नुसती लगबग. लहानपणी आम्ही यांच्या भोकात काड्या घालून यांना छळायचो. कधीपासून दिसेनाशा झाल्या, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. एक वाजेपर्यंत वहीत काळ्यांच्या छत्तीस रेघा झाल्या. तिच्या नऊ दिवसांच्या सगळ्या मिळून अकरा होत्या.

घरी येऊन वही तिच्या हातात दिली. आकडा बघून ती पाय विसरून उठून बसली. इतकी हरखली की मला तिच्याकडे बघवेना. म्हणाली, कड्यातल्या माशा पोळं सोडून गेल्या वाटतं.

"कड्यात पोळं नाही, मुंगे," मी म्हटलं. "मागची एक पेटी मी रोज उघडी ठेवत होतो."

ती ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती ओरडली नाही. वहीतल्या नऊ पानांवर एकेक करून काट मारली, पट्टी लावून, सरळ. मग विचारलं, फुलं अजून किती दिवस टिकतील. म्हटलं, बारा-तेरा. म्हणाली, मग उद्यापासून पुन्हा पहिला दिवस. जेवायला आली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी बावीसही दारं बंद केली आणि वळलो, तर ती काठी टेकत मागे उभी. माझ्या हातातली बॅटरी तिनं घेतली, लंगडत पहिल्या पेटीपाशी गेली, वाकली आणि पट्टी हलवून बघितली. मग दुसरी. मग तिसरी. बाविसावीपर्यंत एकही सोडली नाही. पेट्या जायच्या त्या जाणारच, ते मला कळून चुकलं होतं. पण पेटी उघडायला मी शिकवलेली पोर माझ्यामागून दारं तपासत होती, आणि तिचं काहीही चुकत नव्हतं.