मावशीचा दगड

"शी! काय मेलंय गं तुझ्या घरात?" शेजारच्या आजींनी नाक दाबून दारातूनच विचारलं.

"कोळंबी. मेलेलीच आणली, आता कुजवतेय," शिवणताई म्हणाली.

"कुजवतेस? कशाला?"

"मासे पाळायचेत म्हणून."

नवरा गेला की बायकांचं डोकं फिरतं, अशा नजरेने आजींनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या आपलं दार लावून घेऊन आत गेल्या. नवरा तसा मेला नव्हता. चार गल्ल्या पलीकडे नव्या बायकोकडे राहायला गेला होता. शाळा तिकडून जवळ, म्हणून मुलगीही तिकडेच. रविवार तेवढा आईचा. आणि त्या नव्या बायकोच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची भिंतभर टाकी होती. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. मुलगी रविवारी यायची आणि दिवसभर त्या माशांच्याच गोष्टी सांगायची. संध्याकाळी खालून बाबांचा हॉर्न वाजायच्या आधीच तिच्या पायात चपला असायच्या.

त्या चपला शिवणताईच्या डोळ्यांत खुपत. लाँड्रीत दिवसभर दुसऱ्यांच्या पँटी आखूड करताना तिच्या मनात एकच यायचं, आपल्याकडे बघण्यासारखं काय आहे? एक पलंग, एक मशीन आणि आपण.

म्हणून तिने जुन्या बाजारातून कोपऱ्याला चरा गेलेली टाकी आणली. जिवाणू आधीच मुरलेले रंगीत ‘जिवंत’ दगड परवडेनात, तेव्हा पांढरे कोरडे घेतले. बादलीत समुद्री मीठ विरघळवलं, हीटर लावला. पण टाकी नुसती भरून चालत नाही, ती मुरावी लागते. काहीतरी कुजवायचं, त्याचा विषारी अमोनिया पाण्यात सुटू द्यायचा, आणि तो खाणाऱ्या जिवाणूंनी दगडात बिऱ्हाड करेपर्यंत वाट बघायची. मासे त्यानंतर. वाट बघण्याला पैसे पडत नाहीत, तेवढं तिला जमण्यासारखं होतं. रोज नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि बघायचं. हिरवं म्हणजे विष, पिवळं म्हणजे निर्धास्त. तिचं पाणी रोज हिरवंच.

"आई, मासे कुठेत?" रविवारी आलेल्या मुलीने टाकीला नाक लावलं. लहानपणी हिने शर्टाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून घरात तिचं नाव बटण.

"येतील. आज संध्याकाळी दुकानात जाऊन एक आणूच या."

"नको! मावशी म्हणते, इतक्यात टाकलेस तर तडफडून मरतील."

"मावशी! माझी बहीण कधी झाली गं ती?"

बटण खाली मान घालून फरशीवर बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "मग काय म्हणू तिला?"

शिवणताईने टाकीकडे पाठ फिरवली. तिने बटणच्या दप्तरातून शाळेचा स्कर्ट काढला. नव्या बाईने खालची दुमड सोडून उंची वाढवली होती. टाके वाकडे, दोरा भलत्याच रंगाचा. शिवणताईने कात्री घेतली, टाका टाका उसवला आणि सगळी दुमड पुन्हा घातली. त्या दिवसातलं तेवढंच काम तिने मनापासून केलं.

पुढच्या रविवारी बटणने पिशवीतून काचेची बरणी काढली. आत खारं पाणी आणि जांभळट, शेवाळलेला दगडाचा तुकडा.

"मावशीने दिलाय, तिच्या टाकीतला. यात ते जिवाणू असतात, आई. तुझी टाकी लवकर होईल. लगेच घाल म्हणालीय."

शिवणताईच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा घेतला, पोर घेतली, आता उपकारही हिचेच! "ठेव ओट्यावर," ती म्हणाली.

संध्याकाळी तिकडून बटणचा फोन आला. "घातलास ना?"

"हो गं बाई, घातला."

सकाळी ती बरणी मोरीत ओतायला निघाली आणि थबकली. शर्टाच्या बटणापेक्षाही लहान एक गोगलगाय दगड सोडून वर चढली होती आणि पार झाकणाला चिकटली होती. बंद बरणीत श्वास कोंडल्यासारखी.

"आणि तुला गं कुणी धाडलं?" शिवणताईने झाकण उघडलं. भांडण आपलं आणि तिचं. हिने काय कुणाचं घोडं मारलंय?

पण टाकीत तर विष. तिने कोळंबीचा लगदा जाळीने काढून फेकला, नळीने निम्म्याहून जास्त पाणी उपसलं आणि मीठ घालून तयार ठेवलेली बादली आत ओतली. सोबत दगड सोडला, गोगलगायीसकट. लाँड्रीत पोहोचायला उशीर झाला. मालकांनी घड्याळाकडे पाहिलं, तिने मशीनकडे.

दगड गुणाचा निघाला. नळीतला रंग रोज थोडा थोडा पिवळ्याकडे सरकू लागला. तिला आनंद झाला आणि पोटातही दुखलं.

रविवारी बटण आत आली ती थेट टाकीपाशी. "आई! गोगलगाय! ही तिकडची?"

"होती. आता इकडची."

"मावशीला माहीतच नसणार. एवढ्या माशांच्या गर्दीत कोण बघतंय हिला!" बटणने मांडी घातली. "इथे अख्खी टाकी हिची एकटीची. कंटाळेल का गं?"

"कंटाळेल. पण रविवारी तू येतेस ना."

दुपारभर दोघी टाकीसमोर बसून राहिल्या. गोगलगाय कोपऱ्यातल्या चऱ्यापर्यंत आली, थांबली, मग त्याच्या कडेकडेने वर निघाली. खाली हॉर्न वाजला. चपला दाराशीच होत्या.

"वाजू दे," बटण म्हणाली. "वरपर्यंत पोहोचली नाही अजून."

हॉर्न पुन्हा वाजला. शिवणताईला वाटलं, वाजू दे, वाजवून वाजवून त्याचा अंगठा दुखू दे. तिने तो तिसऱ्यांदाही ऐकला, डोळे मिटून, एखादं आवडतं गाणं ऐकावं तसा. मग ती उठली.

"जा आता. मावशी जेवायची थांबली असेल."

बटणने वळून तिच्याकडे पाहिलं आणि चपला घालून जिना उतरली.

खुर्चीवर शाळेचा दुसरा स्कर्ट राहिला होता. शिवणताईने तो उलटून पाहिला. तोच हात, टाके वाकडे, दोरा भलताच. तिने कात्री उचलली. एक टाका नखाने ओढून पाहिला. सुटला नाही. दुसराही नाही.

काचेवरची गोगलगाय आता चरा ओलांडून गेली होती. शिवणताईने शेवटाला लोंबणारं दोऱ्याचं टोक तेवढं कापलं, आणि इस्त्री तापायला ठेवली.