मुलगा किंवा जावई

सुट्टीचा दिवस असूनही काटेकोरमामांचा पाय एका जागी ठरत नव्हता. खिडकीपाशी जायचे, रस्ता पाहायचे, परत येऊन टेबलावरचा कागद सरळ करायचे. कागद मुळात सरळच होता.

"अहो, बसा की जरा. पाहुणे काही पळून जात नाहीत," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

व्हॉल्व्हच्या कारखान्यात मामा तीस वर्षं लेथवर होते. कामात केसाएवढी चूक खपवून घेत नसत, म्हणून हे टोपणनाव. आता परदेशी कंपनीने कारखान्यात पैसा घातला होता आणि येताना नवा नियमही आणला होता. यापुढे कायम नोकरी कुणालाच नाही, सगळी भरती ठेकेदारामार्फत. फक्त या महिन्यात जो जुना कामगार आपणहून घरी बसेल, त्याची कायम जागा घरातल्या एकाला मिळेल. उद्या शेवटची तारीख. शिकलेली पोरं नोकरीसाठी चपला झिजवत होती, त्यामुळे लग्नाची मुलगी असलेल्या कायम कामगारांच्या दारी अचानक सुधारलेल्या पाहुण्यांची रीघ लागली होती.

आजचे पाहुणेही सुधारलेलेच. मुलाचे काका खुर्चीत ऐसपैस बसले. "हुंड्याचं नावही काढू नका. आम्हाला ते पटतच नाही. मुलीला नेसत्या वस्त्रानिशी पाठवा." मग टेबलावरच्या नोकरीच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाले, "तेवढं मुलाचं नाव घाला त्यावर. मग तारीख धरू."

मुलगा मान खाली घालून बसला होता. चार वर्षं घरी बसलेला पदवीधर. त्याचा राग यावा असं त्याच्यात काही नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने फळीवरचा पितळी व्हॉल्व्ह उचलला. परदेशी साहेबांनी वाखाणलेला नमुना होता तो.

"हा तुम्ही केलात? कुठे चरासुद्धा नाही."

"हो तर," मामांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग मुलीला म्हणाले, "लिही गं."

लिहायला मुलगी लागायची, कारण मामांना दिसत नव्हतं. दोन वर्षांपासून नजरेच्या मधोमध धुकं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. घरात हे फक्त तिला ठाऊक. तीही त्याच कारखान्यात, शेजारच्याच लेथवर, सहा वर्षं ठेकेदाराकडे. चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की मामांच्या लेथवर उभी राहून प्रत्येक व्हॉल्व्हवर शेवटचा हात ती फिरवायची, माप ती बघायची. नाव मात्र मामांचं होत राहिलं.

"बाबा, इथे छापलंय, मुलगा किंवा जावई. मुलगी हा शब्दच नाही."

"माहीत आहे. तू लिही."

"मी माझं नाव घालून तुमची सही घेतली असती, तरी तुम्हाला कळलं नसतं. पण मला चोरून नको. आणि दुसऱ्याचं नाव मी माझ्या हाताने लिहिणार नाही." तिने पेन खाली ठेवलं.

"कळलं नसतं म्हणजे?" काकांनी कान टवकारले.

पोरगी थट्टा करते, असं मामांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांना आठवलं, दोन वर्षांत तिने कारखान्यात एकदाही चहा घेतला नव्हता. मामांना स्वतःचीच लाज वाटली.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "तो व्हॉल्व्ह हिने केलाय."

काका उठलेच. नोकरीच डळमळीत म्हटल्यावर त्यांची सुधारणाही आटोपली. मुलाने व्हॉल्व्ह जपून जागेवर ठेवला. "काम सुरेख आहे," तो तिच्याकडे बघून म्हणाला आणि काकांमागे गेला.

"आता हिला कोण करून घेणार?" आईने डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या ऑफिसातल्या कारकुनाने कागद परत सरकवला. "मामा, छापलेलं खोडून मुलगी काय लिहिता? चालत नाही असं. हवं तर एखादा पुतण्या बघा, तो चालवून घेऊ. बाईमाणसाला लेथ झेपेल का?"

"दोन वर्षं माझा लेथ तीच चालवतेय. मला दिसत नाही. मी आंधळा कायम, आणि हिला तुम्ही ठेकेदाराच्या गेटने आत घेता."

कारकून दचकला. आवाज खाली आणून म्हणाला, "हे बोलू नका. फसवणूक म्हणतील. निवृत्तीचा पैसाही अडकेल तुमचा."

"बाबा, राहू द्या," मुलगी पुटपुटली.

"नाही राहू देणार. लिहा साहेब, मी सांगतोय तसंच लिहा. माझं काय करायचं ते करा, पण कामाला नाव जिचं तिचं लागू द्या." मामांनी दोन्ही हात काउंटरवर रोवले. मागे रांग खोळंबली, कुणीतरी ओरडलं, तरी ते हलले नाहीत.

रांगेत त्यांच्या मागे रंगखात्यातला म्हातारा उभा होता. त्याची मुलगी आठ वर्षं पॅकिंगमध्ये होती, ठेकेदाराकडेच. त्याने खिशातला कागद काढून उलगडला. होणाऱ्या जावयाचं नाव काल रात्रीच सुवाच्य अक्षरात लिहून झालं होतं. त्याने त्या नावावर बोट ठेवलं.

"पोरी," त्याने मामांच्या मुलीला विचारलं, "तुझं पेन देतेस जरा?"