गोणपाटाखालचा व्हाइस

व्हाइसचा जबडा कधी घट्ट मिटून ठेवू नये, दोन बोटांची फट ठेवावी, असा बळवंतभाऊंचा नियम होता. चिंचणीच्या घरी समाचाराला आलेल्या मंडळींनी तो स्वतःला लागू करून घेतला. तेराव्यापर्यंत एकाचाही जबडा मिटला नाही. "माणूस सोन्यासारखा," असं म्हणून झालं की नजर मागच्या शेडकडे वळायची आणि आवाज खाली यायचा, "पण एवढं लोखंड कशाला जमवायचं म्हणतो मी?"

बळवंतभाऊंची मुलगी भाविका पालघरच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. तलवारी जमवल्या तर वारसा होतो आणि व्हाइस जमवले तर भंगार, हे तिला पुस्तकांतून आधीच कळलं होतं. त्यामुळे ती वाद न घालता चहा पुढे करत राहिली.

बळवंतभाऊ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जन्मभर टर्नर होते. लेथवर लोखंडाला स्क्रूचे आटे पाडायचे आणि घरी यायचे. बरोबरीच्या लोकांनी निवृत्त झाल्यावर तीर्थयात्रा केल्या. हे बोईसरच्या भंगारवाल्यांकडे जाऊन बसले. टेबलाला बसवायचा, दांडी फिरवली की लोखंडी जबड्यात वस्तू आवळून धरणारा व्हाइस कुठल्याही कारखान्यात असतोच, पण त्यांना चारचौघांसारखा नको असे. लोहाराचा एका पायावर उभा राहणारा, सोनाराचा मुठीत मावणारा, करवतीला धार लावताना अख्खं पातं धरणारा रुंद तोंडाचा, साखळीने पाइप आवळणारा. सगळे शेडमध्ये ओळीने बसलेले, प्रत्येकाच्या स्क्रूला वाडीतल्या नारळाचं खोबरेल. "ते तेल डोक्याला लावलं असतं तर चार केस तरी राहिले असते," असं त्यांची बायको दमयंती म्हणायची.

भाविका लहान असताना बापलेकीचा रविवारचा एक खेळ होता. बळवंतभाऊ एखाद्या व्हाइसवर गोणपाट टाकायचे. "बाय, ओळख बघू." मग तिने गोणपाटाखाली हात घालून सांगायचं, कुणाच्या धंद्यातला, कशासाठी केलेला, किती वापरलेला. ती कॉलेजात शिकवायला लागली, केस पिकायला लागले, तरी चिंचणीला आली की खेळ व्हायचाच. श्रावणात त्यांनी एक नवा गोणपाटाखाली ठेवला. तिला दोनदा ओळखता आला नाही. "दसऱ्यापर्यंत मुदत हाय," ते म्हणाले होते. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, त्या दिवशी उत्तर सांगायचं ठरलं. नवमी अजून लांब होती तेवढ्यात तेच गेले, तेही कुणाला न सांगता, दुपारच्या झोपेत.

आता तिला एवढंच हवं होतं : तो व्हाइस ओळखायचा. मग बाकीचे कुठेही जावोत.

जाणार तर होतेच. तिच्या धाकट्या भावाने, भावेशने, शेड एका कुरियरवाल्याला देऊन टाकली होती. दुःखातून सावरायला माणसाला काहीतरी लागतं. भावेशला भाडेकरू लागला. त्यानेच मुंबईच्या ललित नावाच्या संग्राहकाला गाठलं. ललित शनिवारी केळव्याला समुद्रस्नान करून, रविवारी टेम्पोसह चिंचणीला हजर झाला. अंगात तागाचा कुडता, गळ्यात भिंग.

"तुमच्या वडिलांशी भेट व्हायला हवी होती," तो म्हणाला.

"त्यांनाही आवडलं असतं," भाविका म्हणाली. "ते बरीच वर्षं घरीच होते."

तिला तो माणूस मूर्ख निघायला हवा होता. तशी तिने मनाची तयारी केली होती. पण त्याने खिशातून खडू काढला, एका व्हाइसच्या अंगावरून आडवा घासला आणि गंजाखालची पुसट अक्षरं पांढरी होऊन वर आली. बाबा अगदी असंच करायचे. त्याने पुढचे सगळे ओळखले आणि बरोबर ओळखले. भाविकाला फार राग आला.

शेवटी तो गोणपाटापाशी आला. "आणि हा?"

"हा मला अजून ओळखता आलेला नाही."

"मग मी कशाला आलोय?" त्याने गोणपाट उचललं.

काळपट, जाडजूड अंग. सगळीकडे दाणेदार गंज. नाव असायचं तिथली जागा कानशीने घासून सपाट केलेली. जबडा घट्ट मिटलेला. फटीचा नियम करणाऱ्याने हा एकच मिटून ठेवला होता, याचंच भाविकाला नवल वाटत आलं होतं. ललितने खडू फिरवला. काही उमटलं नाही. त्याने भिंग लावलं आणि त्याचा श्वास वाढला.

"नाव मुद्दाम घालवलंय. सरकारी माल. बहुतेक आरमारी गोदी. आणि हा गंज बघा, खाऱ्या हवेचा. शंभर वर्षांशिवाय असा गंज चढत नाही."

"चिंचणीत सायकलला सहा महिन्यांत चढतो," भाविका म्हणाली.

"मॅडम, गंजागंजात फरक असतो."

त्याने दांडी धरली आणि सोडवायला डावीकडे फिरवली. हलेना. भावेशने जोर लावला. टेम्पोवाला गुटखा थुंकून आला, त्यानेही लावला. "दीदी, ये तो पूरा जाम है." ललितने फवारणीचं तेल मारलं, पुन्हा तिघांनी मिळून डावीकडे ओढलं. व्हाइस आणखीच घट्ट बसल्यासारखा वाटला.

"उघडल्याशिवाय आतला स्क्रू दिसणार नाही, आणि त्याशिवाय ओळख नाही," ललित म्हणाला. "पण मला घ्यायचाय हाच. खरं सांगायचं तर हा नसेल तर बाकीच्यांसाठी टेम्पो भरण्यात अर्थ नाही."

"ताई, बोईसरहून गॅसवाल्याला बोलवतो," भावेश फोन काढत म्हणाला. "दांडीकडून कापला की झालं."

"कापायचा नाही."

"अगं, मग काय आरती करायची का त्याची?"

"खंडेनवमीला करतोच की आपण."

"ताई, ते गेलेत. आता हा खेळ कोणाशी खेळणारेस?"

 तेवढ्यात दमयंती चहाचा ट्रे घेऊन दारात आली. पाहुणे आले की दुःख बाजूला ठेवून आधण ठेवायचं, हे तिच्या हाडात होतं. तिने भाविकाच्या उजव्या हातात कप दिला. डाव्या हातात कधीच द्यायची नाही. भाविका जन्माची डावखुरी. शाळेने, आत्याने आणि देवघराने मिळून तो हात वळणावर आणला होता.

"फिरत नाय?" दमयंतीने विचारलं.

"नाही ना काकी, जाम झालाय," ललित म्हणाला.

"आमच्या बायला बोलवा. लहानपणी ही पाइप आवळायला सांगितला की सोडायची. यांच्या पायावर पडलावता. अंगठ्याचं नख काळं, पण पोरीला बोलले नाय. उलटे मलाच सांगतात, चूक तिची नाय, आट्याची हाय. आटे सगळे उजव्या लोकांनी पाडलेत."

सगळे हसले. भाविकाही हसली, आणि हसता हसता थांबली.

साऱ्या जगात व्हाइस उजवीकडे फिरवला की आवळतो, डावीकडे फिरवला की सुटतो. लहानपणी तिचा डावा हात नेमका उलट जायचा. गेली कित्येक वर्षं ती अगदी बरोबर फिरवत आली होती. गोणपाटाखालीही तिने दोनदा बरोबरच फिरवलं होतं.

तिने उजव्या हातातला चहा खाली ठेवला नाही. डावा हात दांडीवर टाकला आणि उजवीकडे रेटला.

"मॅडम, त्या बाजूने आवळतो," ललित अजिजीने म्हणाला.

दांडी कुरकुरली. तिने अंगाचा भार दिला. एक कट्ट असा आवाज झाला आणि जबडा सुटला. मग दांडी एका बोटाने फिरू लागली. आतून स्क्रू बाहेर येत राहिला : चकचकीत, नवाकोरा, एकाही डागाविना. त्याचे आटे डावीकडे झुकलेले होते. शेडमध्ये खोबरेलाचा वास पसरला.

दमयंतीने ट्रे खाली ठेवला.

ललितने भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "उलटा आटा... पण हा तर नवीन आहे! परवा पाडल्यासारखा! आणि बाहेरचा गंज?"

"मीठपाणी," दमयंती म्हणाली. "आषाढभर बादलीत बुडवून ठेवलावता. मी म्हटलं, म्हातारा चळला."

"म्हणजे बनवलेला आहे." ललितचा चेहरा एखाद्याने लग्नात खोटे दागिने घातल्याचं कळावं तसा झाला. "सॉरी, पण याला संग्रहात जागा नाही. याला काही... इतिहासच नाही."

"खरंय," इतिहास शिकवणारी भाविका म्हणाली. "दिलगीर आहोत."

भावेश स्क्रूकडे बघत राहिला होता. त्याने फोन खिशात टाकला. "ललितभाई, बाकीचे न्यायचे तर न्या. नाहीतर राहू दे."

ललितने जरा आढेवेढे घेतले, पण लोहाराचा एका पायावर उभा राहणारा त्याला सोडवेना. बाकीचे सगळे नेले. जाताना अस्सल आणि नक्कल कशी ओळखावी यावर भावेशला दोन शब्द सांगितले. टेम्पो तारापूरच्या रस्त्याला लागला. शेड रिकामी झाली, कुरियरवाल्याच्या स्वागताला सज्ज.

"काय निघाला गो शेवटी?" दमयंतीने विचारलं. "कुणाच्या धंद्यातला?"

"धंद्यातला नाही, आई. एका डावखुऱ्या पोरीसाठी केलेला. अजून वापरलेला नाही."

दमयंतीने पदराने व्हाइसवरचा खडू पुसला. "मग शेडमध्ये कशाला, घरात घे. नवमीला लागेल."

भाविकाने डाव्या हाताने, तिच्या हाताला जमेल तशी, डावीकडे दांडी फिरवली. जबडा निमूट मिटत आला. पूर्ण मिटायच्या आधी ती थांबली. मधे दोन बोटं घालून पाहिली, आणि तेवढी फट ठेवून हात काढून घेतला.

चहा गार झाला होता. तो तिने उजव्या हाताने प्यायला, आईच्या समाधानासाठी.