जेलीचा दुसरा चमचा

रोज सकाळी उपाशीपोटी बांबूच्या चमच्यानं जेली घ्यायची आणि जिभेखाली धरून हळूहळू विरघळू द्यायची, ही शूछिनच्या घरची रीत होती. मधमाश्या राणीच्या अळीला भरवतात ते पांढरं, आंबटसर अन्न म्हणजे ही रॉयल जेली. चीनमधल्या ज्यांग्शानच्या डोंगरातलं त्यांचं निम्मं गाव तिच्यावरच पोट भरायचं. बाहेरचे लोक तिला औषध म्हणोत. गावात तिची गत पेजेसारखी होती, रोजची आणि न बोलता खायची.

शूछिनच्या सासूबाई, चू आजी, म्हणजे सुईच्या टोकावर जीव तोलणारी बाई. केसाएवढी अळी पोळ्यातून उचलून प्लॅस्टिकच्या वाटीत ठेवायची, तीही तिला कळू न देता. मग माश्या तिला राणी समजून वाटी जेलीनं भरतात. अळी दुखावली तर वाटी रिकामी. सासूबाईंची वाटी कधी रिकामी राहिली नव्हती.

पण हिवाळ्यात त्यांचं विसरणं वाढलं. पेजेत दोनदा मीठ पडू लागलं, मुलाला त्याच्या बापाच्या नावानं हाका जाऊ लागल्या. त्यात हृदयाचे ठोके चुकायला लागले म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली. आणि मग मोहरी फुलली. जेलीचा हंगाम दारात, शूछिनला स्वतःला अळी दिसेना, रोजानं आणलेल्या बाया निम्म्या अळ्या मारायच्या.

हांगझोला शिकणारी लेक वेनशू फोनवर म्हणाली होती, "आई, जेलीत एक आम्ल असतं, दुसऱ्या कशातच नसतं. मेंदूच्या पेशी जपतं म्हणतात. पण हे उंदरांवर दिसलंय हं, माणसांचं अजून नक्की नाही."

"उंदरांना फळतं, मग तुझ्या आजीनं काय घोडं मारलंय?" शूछिन म्हणाली. अर्ध्या हळकुंडानं ती पिवळी झाली. सकाळच्या चमच्याला संध्याकाळचा चमचा जोडला गेला, आणि दोन्ही शिगोशीग.

मायेनं दिली, हे खोटं नव्हतं. पण नुसत्या मायेनं दिली नव्हती. तिला ती सुई चालवणारी बोटं परत हवी होती. आणि बोटं खरंच काही दिवस चालली. शूछिन गावभर सांगत सुटली.

मग एका सकाळी सासूबाईंच्या नाकातून रक्त आलं ते थांबेचना. दंडावर काळेनिळे डाग. जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी दुसरं काही औषध घेतात?"

"नाही हो, काहीच नाही," नवरा गन्शंग म्हणाला.

"औषध? छे," शूछिन म्हणाली. दोघंही अगदी खरं बोलत होती.

आजींना दाखल करून घेतलं. गोळी कमी केली, पुन्हा कमी केली. रक्त पातळ ते पातळच. "डोक्यात रक्तस्राव झाला तर अवघड होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शूछिननं बर्फाच्या थर्मासमधून जेली आणणं मात्र सोडलं नाही. उलट म्हातारीला ताकद यावी म्हणून दवाखान्यात ती अधिकच नेमानं देऊ लागली.

अशाच एका सकाळी दवाखान्यात चमचा भरलेला असतानाच फोन वाजला. कुणी शहरातलं गिऱ्हाईक होतं. वडील विसरतात, जेली हवी आहे, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत.

"रक्त पातळ करायची गोळी असेल तर देऊ नका बरं," शूछिन सवयीनं म्हणाली. "आधी डॉक्टरांना विचारा. जेलीनं रक्त आणखी पातळ होऊ शकतं."

हे वाक्य तिनं वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. सहकारी संस्थेनं पाठ करून घेतलं होतं. ते माल घेणाऱ्यांसाठी होतं. घरी कुणी माल घेत नव्हतं.

समोर सासूबाई तोंड उघडून बसल्या होत्या. शूछिननं चमचा मागे घेतला आणि धावत डॉक्टरीणबाईंकडे गेली.

"कधीपासून?"

"जन्मापासून. पण... मोहरी फुलल्यापासून दुप्पट."

"मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही औषधाचं विचारलंत, बाई."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि शूछिनला तेच जास्त लागलं. "कदाचित हेच असेल. थांबवून पाहू," एवढंच त्या म्हणाल्या. दुप्पट का दिली, हे त्यांनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

थांबवल्यावर रक्त हळूहळू जागेवर आलं. गन्शंगनं बायकोला चार शब्द सुनावले, मग स्वतःच म्हणाला, "जाऊ दे. मीही तर नाहीच म्हणालो."

घरी आल्यावर पहिल्या सकाळी सासूबाईंनी जीभ वर केली आणि थांबल्या.

"आजपासून नाही, आई," शूछिन म्हणाली.

म्हातारीनं तोंड मिटलं. आपल्या हातांकडे पाहिलं. "अळ्या उचलल्या नाहीत म्हणून? उद्या उचलते गं. दे ना."

गन्शंग खो खो हसला. "काहीतरीच काय आई! जेली म्हणजे काय मजुरी आहे?"

सगळं विसरलेल्या बाईला एवढंच नेमकं आठवत होतं. मोहरी फुलल्यापासून चमचा पुढे करताना, गन्शंग माश्यांकडे गेलेला असताना, शूछिन रोज म्हणायची, "घ्या आई, आणि बसा कामाला."